नऊ नंबरची काच

सर, तुमच्या दहाव्याला मी आलो नाही.

पिंडाला कावळा लगेच शिवला, असं काकूंनी फोनवर सांगितलं. "पान ठेवून मागं सरलो नाही तोच आला बघ, ज्ञानोबा. म्हणजे ह्यांचं काही राहिलं नव्हतं," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. नवरा गेलेल्या बाईला मी काय बोलणार? हो म्हणालो. पण त्या कावळ्यानं घाई केली. तुमचं राहिलेलं इथं माझ्यापाशी, एका काचेवर पडलेलं आहे.

पेपरात तुमच्यावर दहा ओळी आल्या. बीडच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक, विद्यार्थिप्रिय, राहणी साधी. जन्मभर तुम्ही बैलाच्या मांसात चात्या शोधल्या, हे त्यात कुठंच नाही. मी तर नाहीच. प्रयोगशाळेतल्या शिपायाचं नाव कोण छापतो? एकदा तुम्ही छापलं होतं. त्या छापण्याचाच आज सगळ्यात जास्त राग येतोय.

पहिल्या आठवड्यात तुम्ही मला जे समजावलं ते अजून पाठ आहे. आपण चाती म्हणायचो, पुस्तकात तिला स्नायुतर्कू म्हणतात. मांसाच्या जाड धाग्यांत मधेच एक बारीक पिशवी असते, सुताच्या चातीसारखी पोटात फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती. तिच्यात पाच-सात नाजूक धागे. नस येते आणि त्यांच्या पोटाला वेटोळं घालते. स्नायू ताणला की ते वेटोळं ताणतं आणि जनावराला कळतं की किती ओझं आलं, मान किती वाकली. "डोळे मिटलेस तरी तुझा हात कुठं आहे हे तुला कळतं ना, ज्ञानोबा? ते ह्यांच्यामुळं." मी खरंच डोळे मिटून हात वर केला होता. तुम्ही हसला नाहीत. मी दहावी नापास, पाणी भरायला ठेवलेला माणूस, आणि तुम्ही स्वतःच्या हातानं मला स्टूल ओढून दिलंत. हे विसरता आलं असतं तर आज रागवणं सोपं गेलं असतं.

रंगवणंही तुम्हीच शिकवलंत. गोठवलेल्या मांसाचा काप काचेवर घ्यायचा, एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात, मग कोबाल्ट, आणि शेवटी ते अमोनियम सल्फाइड. त्याच्या सडक्या अंड्यासारख्या वासानं माझी बायको मला घरात घेण्याआधी अंगणात आंघोळ करायला लावायची. ज्या धाग्यातलं विकर, म्हणजे एन्झाइम, जोरात काम करतं तो काळाकुट्ट व्हायचा, ज्यातलं मंद तो फिकट राहायचा. काप आधी आंबट पाण्यात भिजवला की उलटं, काळे फिके आणि फिके काळे. दुसऱ्या एका रंगानं नस धाग्याला जिथं चिकटते तिथं तपकिरी ठिपका उठायचा. एकाच चातीचे ओळीनं काप घेऊन कुठल्या धाग्याला कुठली नस, हे तुम्ही वहीत काढायचात.

पण मांस ताजं हवं. जनावर गेल्यापासून पाव तासाच्या आत गोठवलं तरच. उशीर झाला की विकर मरतं, मग कितीही रंगवा. काच बिघडली की तुम्ही मला बोलायचा नाहीत, एवढंच म्हणायचात, "रंग खोटं बोलत नाही, ज्ञानोबा. मधे कुठंतरी माणूस खोटं बोललाय." मी मान खाली घालायचो. बऱ्याचदा खरंच मीच वेळ चुकीची सांगितलेली असायची.

ताजं मांस मिळायला त्या वर्षी कमी नव्हतं. दुष्काळ असा की साखर कारखान्याला गाळायला ऊस नव्हता, म्हणून सहकाराच्या त्या रिकाम्या आवारात जनावरांची छावणी उघडली. बाहेरून ट्रकनं चाऱ्याला उसाचं वाढं यायचं, टँकरनं पाणी. तरी रोज एखादं जनावर पाय सोडायचंच. आपण कॉलेजची जीप घेऊन तिथं बसून राहायचो. गोठवायला लागणारा नायट्रोजन दूध संघाच्या केंद्रातून आणायचा, जिथं वळूचं वीर्य गोठवून ठेवायचे. संघातला माणूस मला डबा भरून देताना म्हणायचा, "डबे बदलू नको बे, न्हाईतर आमच्या गाईच्या पोटी तुझा सर जन्मायचा." तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलात. तसे हसताना तुम्हाला मी दोन-तीनदाच पाहिलं.

आमचा भिंगऱ्या त्याच छावणीत होता. आमचं गाव दिंद्रुडच्या अलीकडं. माझे वडील, दादा, आणि थोरला भाऊ ऊसतोडीला गेलेले, भिंगऱ्याचा जोडीदार आधीच गेलेला, आणि माय महिनाभर दावणीशीच राहत होती. बारा वर्षं जू वाहिलेला बैल. तिसऱ्या वर्षी शिकवला तो कायम डाव्या अंगालाच चालला, मानेला कधी आवाळू झालं नाही, कधी बसला नाही. हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं? मीच. जीपमध्ये बसल्या बसल्या कौतुकानं सांगत होतो. तुम्ही म्हणालात, "छावणीतल्या इतर जनावरांचा इतिहासच कुणाला ठाऊक नसतो. ह्याचा तर तुला सगळा माहीत आहे." मला वाटलं तुम्हीही कौतुकच करताय.

आमच्या घरात एक रीत आहे. ज्या खांद्यावर आपण जू ठेवलं, त्या खांद्यावर सुरी ठेवायची नाही. बैल गेला की त्या खांद्याला तूप-हळद लावून अख्खा मातीत द्यायचा. आणि तुम्हाला तर चात्या सगळ्यात जास्त सापडायच्या त्या नेमक्या मानेतच. मायला ते कळत नव्हतं, पण तुम्ही कशासाठी बसलाय हे कळत होतं. एक दिवस ती जीपशी आली, पदर नीट केला आणि म्हणाली, "सर, माझं लेकरू तुमच्यापाशी हाय. तुमी काय करता ते मला लई कळत न्हाई. पर ह्यो गेला तर त्याच्या खांद्याला सुरी लावू नका. दुसरं काय बी न्या."

तुम्ही जीपमधून खाली उतरलात. भिंगऱ्याजवळ गेलात, त्याच्या खांद्यावर तळवा ठेवलात आणि म्हणालात, "नाही लावणार, माय. शब्द देतो."

माय म्हणालात, सर. बाई नाही, आजी नाही. मी शेजारी उभा होतो.

तो दुपारी गेला. आदल्या दिवसापासून मान टाकलेलीच होती. माय ट्रॉलीचं विचारायला छावणीच्या कचेरीत गेली आणि तुम्ही मला म्हणालात, "नायट्रोजन संपलाय. संघातून भरून आण." मी छोटा डबा घेऊन जीप काढली. मोठा डबा मी हलवूनसुद्धा पाहिला नाही. तुम्ही संपला म्हणालात म्हणजे संपला. परत आलो तर भिंगऱ्याच्या मानेवर पोतं टाकलेलं. "माश्या बसत होत्या," तुम्ही म्हणालात. मला इतकं भरून आलं की मी तुमचे आभार मानले.

शेतात लिंबाखाली खड्डा घेतला. माय वाटीत तूप-हळद घेऊन खाली वाकली, पोत्याखाली हात घातला, आणि तिचा हात थांबला.  मग तिनं हात काढून घेतला, पोतं नीट ओढलं आणि म्हणाली, "टाका माती." मला वाटलं, दुःखानं तिला सोसवेना. कितीतरी वर्षं मी असंच समजत होतो.

त्यानंतर महिन्याभरात ती काच आली. नऊ नंबरची. तुमची पद्धत अशी की काचेवर नुसता आकडा, जनावर कुठलं ते तुमच्या रजिस्टरात, आणि रजिस्टर तुमच्या कुलुपात. काप मी घेतला होता, रंग मी दिला होता. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पिशवीचा गोल अगदी स्वच्छ. आत दोन जाड धागे, एक काळा, एक फिका, आणि भोवती चार बारीक काळे. पुढच्या काचेवर त्याच धाग्यांवर नसेचे तपकिरी ठिपके, मोजून घ्यावेत असे. मी तुम्हाला हाक मारली. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात, मग चष्मा काढून पुसला. मला वाटलं आनंदानं. त्या दिवशी आपण बसस्टँडवर जाऊन भजी खाल्ली आणि पैसे मी दिले, कारण काच माझी होती.

पुढं तुमचा लेख छापून आला आणि त्यावर तुमच्या खाली माझं नाव. प्राचार्य म्हणाले, शिपायाचं नाव कशाला? तुम्ही त्यांच्याशी भांडलात. "काप ज्यानं घेतला, रंग ज्यानं दिला, त्याचं नाव येणारच," असं तुम्ही त्यांच्या खोलीत ओरडलात तेव्हा मी बाहेर उभा होतो आणि माझे कान गरम झाले होते. त्याच भांडणाच्या जोरावर पुढं माझी नोकरी कायम झाली. त्या पगारावर पोरं शिकली. मी तो कागद घेऊन गावी गेलो, मायच्या हातात दिला. तिनं तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि ट्रंकेत तळाला ठेवून दिला. मी म्हणालो, देव्हाऱ्यात ठेव की. म्हणाली, "तिथं जागा न्हाई."

आणि मग वर्षानुवर्षं मी काय केलं? दर वर्षी नवी पोरं आली की नऊ नंबर काढायचो. पोरं रांगेनं नळीला डोळा लावायची. मी शेजारी उभा राहून सांगायचो, बघा, अशी काच दुसरीकडं बघायला मिळणार नाही. तुम्ही मागं खुर्चीत बसलेले असायचात आणि ऐकायचात. एकदाही उठला नाहीत, एकदाही म्हणाला नाहीत की ज्ञानोबा, पुरे.

आपलं एकच मोठं भांडण झालं, आठवतं? मी म्हणालो होतो, काचेवर नुसता आकडा कशाला, बैलाचं नाव लिहू या ना, सगळ्यांना नावं असतात. तुम्ही एकदम भडकलात. "विज्ञानात नाव नसतं. नऊ म्हणजे नऊ." मी विचारलं, मग नऊ नंबर कुणाचा ते तरी सांगा. "बैल तो बैल. काच बघ." आपण दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्हीच चहा पाठवलात. मी समजलो, मोठ्या माणसांना एखादा हट्ट असतो. ते भांडण अर्धवटच राहिलं, आणि माझी बाजू बरोबर होती हे मला आता कळतंय, जेव्हा समोर भांडायला कुणी नाही.

तुमच्या नवव्या दिवशी काकूंनी मला कपाट आवरायला बोलावलं. काचांच्या पेट्या कॉलेजला द्यायच्या, कागद रद्दीत. तिथं रजिस्टर होतं. तुमचं ते टपोरं अक्षर. बैल एक, बैल दोन. मी सहज पानं उलटत गेलो. बैल नऊ. भिंगऱ्या. मान, जुवाखालचा स्नायू, डावी बाजू. मृत्यूनंतर अकरा मिनिटं. आणि शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात, जिथं तुम्ही 'काप चांगला' किंवा 'बर्फ धरला' असं लिहायचात, तिथं दोनच शब्द: शब्द मोडला.

रजिस्टर मिटून मी पुन्हा तेच पान उघडलं. काकूंना वाटलं मला तुमची आठवण अनावर झाली. त्यांनी पाणी आणलं.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, सर. चोरी केली असती आणि लपवली असती तर मी म्हणालो असतो, माणूस आहे, मोह झाला. पण तुम्ही नोंद केलीत. रजिस्टराशी खोटं बोलायला तुमचा हात धजावला नाही आणि माझ्याशी बोलायला धजावला. मायशी धजावला. एवढा खरेपणा कपाटातल्या वहीपुढं आणि जिवंत माणसापुढं मौन? आणि वर त्या चोरीच्या मालावर माझं नाव घातलंत. मी त्याला मान समजलो, मिरवलं, बायकोला पेढे आणायला लावले. तुम्हाला पश्चात्ताप झाला होता म्हणून घातलंत का माझं नाव? तसं असेल तर प्राचार्यांशी तुम्ही भांडलात ते कुणासाठी, माझ्यासाठी की स्वतःसाठी? हे मी आता कुणाला विचारू?

आणि ती काच इतकी सुंदर का आली, हेही मला छळतंय. ती खराब आली असती तर बरं झालं असतं. तुमचा रंग खोटं बोलत नाही ना? तो एकदाही काही बोलला नाही.

पेटीतली नऊ नंबरची काच मी काढून घेतली. विचारलं नाही कुणाला. दहाव्याला तुमच्याकडं यायच्या ऐवजी गावाकडची बस धरली, तेव्हापासून मी इथंच आहे. पण मायला सांगायचं धाडस होईना. ती आता पंच्याऐंशीच्या घरात, ऐकायला कमी येतं, तिला हे सांगून काय मिळणार, असं म्हणत चार दिवस काढले.

परवा खांदमळण होती, पोळ्याच्या आदल्या दिवसाची. आमच्या दावणीला आता बैल नाही, पुतण्याचा ट्रॅक्टर आहे. माय मातीचे बैल पाटावर मांडते आणि त्यांच्या खांद्यांना कोमट तूप-हळद लावते. ती वाटी घेऊन बसली आणि माझ्या तोंडाकडं पाहून म्हणाली, "कावून असा धुसफुसतोयस चार दिस? सर गेले म्हणून?"

मग मी सांगितलं. सगळं, रजिस्टरातल्या दोन शब्दांसकट. माय मातीच्या बैलाला तूप लावतच होती. माझं झाल्यावर म्हणाली, "टाके लई बारीक घातलते रे त्यांनी. बोटाला लागलं म्हणून कळालं."

"तुला ठाऊक होतं?"

"वरसाला त्या खांद्याला हात लावणारी मी. मला न्हाई कळणार?"

"मग बोलली कावून न्हाईस?"

"बोलले असते तर तू काय केलं असतंस? सरांच्या अंगावर गेला असतास, न्हाईतर नवकरी सोडली असतीस. दुष्काळ हुता. तुझी बायको पोटुशी." तिनं वाटीतलं तूप बोटानं ढवळलं. "भिंगऱ्या गेलता. तुमी हुता."

सर, तुम्ही चोरलंत ते मांसाचं बोटभर. ते मी कधीतरी सोडून दिलं असतं. पण ह्या बाईनं माझ्या पगारासाठी तोंड शिवून घेतलं आणि इतकी वर्षं माझ्या तोंडून तुमचं कौतुक ऐकलं. दिवाळीला तुम्ही घरी आलात तेव्हा तिनं तुमच्या पानात स्वतः पोळी वाढली. तुम्ही मान खाली घालून जेवत होतात. तिला माहीत होतं आणि तुम्हाला माहीत होतं. मधे मीच एकटा बडबडत होतो.

मी म्हणालो, ही काच लिंबाखाली पुरून टाकतो, त्याची त्याला जाऊ दे. मायनं हात पुढं केला. काच उजेडाला धरून तिनं एक डोळा मिटला. तिला काय दिसणार? नखाएवढा काळपट डाग.

"एवढंच हाय व्हय?"

"एवढंच. पण मशिनीतून लई मोठं दिसतं. ओझं किती आलं ते बैलाला ह्याच्यानं कळतं."

"त्याला कळत हुतंच की," माय म्हणाली. मग तिनं काच पाटावर ठेवली, मातीच्या बैलांच्या ओळीत, शेवटी. विचारलं, "तूप लागलं तर खराब हुईल का?" मी सांगितलं, वर दुसरी काच चिकटवलेली असते, आत नाही जाणार. तिनं बोट बुडवून त्या काचेला तूप-हळद लावली, हळूच, कडेकडेनं, आणि दर वर्षी बैलांना म्हणतात तसं म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "पुरू नको. पोरं बघत्यात न्हवं? बघू दे. पर नाव सांगून दाखवा म्हणावं."

काच मी कॉलेजला परत देणार आहे. तिच्यावरची तुमच्या आकड्याची चिठ्ठी काढून टाकली. नवी लावली, तिच्यावर आकडा नाही. भिंगऱ्या, एवढंच आहे. झालं आपलं भांडण मिटवून, माझ्या बाजूनं. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर उशीर झालाय.

काल पोळा झाला. मायनं मातीच्या बैलांना नैवेद्य दाखवला आणि एक पुरणाची पोळी निराळी काढून मला म्हणाली, "सरांच्या नावानं पत्र्यावर ठेव. दहाव्याला गेला न्हाईस, एवढं तरी कर." मी ठेवली नाही. तीच गुडघ्यावर हात देत उठली आणि ठेवून आली. बीडचा तुमचा कावळा लगेच शिवला होता. आमच्या लिंबावर पाच-सहा बसले होते, एक खाली येईना. दुपार कलली तशी माय दारात येऊन म्हणाली, "म्हण की, माफ केलं म्हणून. मग बघ कसा शिवतो."

मी तिच्या शेजारी उभा राहिलो आणि तोंड उघडलं नाही. खोटं बोलून कावळ्याला खाली आणायचं, हे तुम्हीच मला कधी शिकवलं नाहीत.

पोळी वाळून कडक झाली आहे, सर. अजून तिथंच आहे.